पाय जुळवून

स्कायडायव्हिंगवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणताना मी 'लँडिंग' या साध्या शब्दापाशी दोन दिवस अडले. विमान उतरतं, पक्षी उतरतो, माणूस जिना उतरतो. उतरण्यात उतरणाऱ्याची मर्जी असते. पडण्यात ती नसते. आपल्याकडे पाऊस पडतो, स्वप्न पडतं, प्रश्नसुद्धा पडतो. गोल पॅराशूटखाली माणूस जमिनीवर येतो, त्याला यातलं काय म्हणायचं?

आजचे स्कायडायव्हर वापरतात ते चौकोनी पॅराशूट म्हणजे कापडाचा पंखच. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही हातांतल्या दोऱ्या वेळेवर खाली ओढल्या की वेग मोडतो आणि माणूस बसच्या पायरीवरून उतरल्यासारखा दोन पावलं टाकून थांबतो. हे रुळलं १९७० च्या दशकात. त्यानंतरही बरीच वर्षं अनेकांचं राखीव पॅराशूट गोलच असे. म्हणजे एरवी उतरायची सवय झालेल्याला नेमकं संकटाच्या दिवशी पडावं लागे. सवयीने हात दोऱ्या ओढायला जायचे, पण त्या ओढून वेग मोडण्याची सोय गोल छत्रीत नव्हती.

ही छत्री सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने खाली येते. दोन मीटर उंच भिंतीवरून उडी मारावी तेवढा आघात. पण भिंत झुलत नाही, आणि भिंतीवरून उडी मारताना वाराही आपल्याला आडवा ओढत नाही. वर असताना आपण एका जागी टांगलेले आहोत असंच वाटतं. शेवटच्या शंभरेक फुटांत मात्र जमीन एकदम अंगावर येते. त्या क्षणी पाय आपोआप तिला शोधायला पुढे जातो. घोटा मोडतो तो असा. म्हणून शिकवतात : पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, नजर क्षितिजावर. चवडे टेकले की पोटरी, मांडीची बाजू, कुल्ला, मग पाठीची कड अशा क्रमाने आघात अंगभर वाटून टाकत कलंडायचं. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही.

यातून 'स्वाधीन व्हा, सोडून द्या' असा उपदेश काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. ज्याची तालीम बुटक्या ओट्यावरून शेकडो वेळा उड्या मारून करावी लागते, ते सोडून देणं कसलं?

लष्कराला गोल पॅराशूटच सोयीचं. कमी उंचीवरून एकाच वेळी पुष्कळ माणसं उतरवायची, तर प्रत्येकाने आपापली दिशा धरलेली परवडत नाही. माझ्या ओळखीचे सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार आग्र्याजवळच्या मालपुऱ्याच्या मैदानावर अशा उड्या मारत. एका उडीत त्यांचा घोटा मोडला. आजही ते किंचित लंगडतात. काकू म्हणतात, वाऱ्याने बांधावर नेऊन आदळलं. काका चिडतात. "पाय सुटले माझे."

"पण काका, वारा होता ना?"

"वारा सगळ्यांनाच होता, ताई."

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक नशीब' हा प्रश्न मांडला. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीपुढे मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोष दोघांचा सारखा असेल, तर आपण एकालाच इतका का धरतो? काकांचं प्रकरण याच्या उलट आहे. वाऱ्याच्या नावावर सहज टाकता येईल ते ते स्वतःच्या नावावर लिहून घेतात. मला आधी तो अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्यामागे हिशेब आहे. एक घोटा वाऱ्याने मोडला असं मान्य केलं, तर बाकीच्या सगळ्या उड्याही वाऱ्यानेच धड उतरवल्या असं मान्य करावं लागेल. मग जुळवलेल्या पायांचं काय उरलं? अपराध पत्करून ते स्वतःचं आयुष्य हातात ठेवतात. मी त्यांच्या जागी असते तर बहुधा हेच केलं असतं.

फक्त एक गोष्ट खुपते. त्याच मैदानावर त्यांच्या तुकडीतल्या एकाची पाठ कायमची गेली. त्याच्याबद्दलही काकांचं म्हणणं तेच : "पाय सुटले असतील." स्वतःबद्दल बोलताना ते 'असतील' कधीच म्हणत नाहीत. त्यांनी स्वतःचे पाय सुटलेले अनुभवले आहेत. त्याचे पाय त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. तरी शिक्षा दोघांना एकच. मी विचारलं, नंतर त्याला भेटायला गेला होतात का? काका बराच वेळ पायातली चप्पल सारखी करत राहिले. "नाही गेलो. काय बोलणार?"

अनुवादात मी शेवटी 'पाय टेकले' असं लिहिलं. हात टेकणं म्हणजे हार मानणं, पाय टेकणं तसं नाही. मला ते बरं वाटलं होतं. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"टेकले नाही ताई. आपटले म्हणा."