गार इंजिनाजवळ थोडा वेळ

डिसेंबरमधली निफाडकडची पहाट. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कधी कधी 5 अंशांखाली जातो, तशातली. द्राक्षबागेच्या कडेच्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळतोय. चावी खिशातच असू द्या. जुन्या ट्रॅक्टरजवळ आधी नुसते उभे राहा.

बॉनेटवर तळहात ठेवा. लोखंडाचा गारठा हाडापर्यंत येऊ द्या. आतल्या सिलिंडरच्या भिंतीही अशाच गार आहेत. ऑइल रात्रीतून घट्ट झालंय, बॅटरीचा जोर ओसरलाय. बिघडलेलं काहीच नाही.

आता लक्ष आत न्या. या इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी 1890च्या दशकात घडवलेली युक्ती एवढीच, की पिस्टन वर येताना हवा साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात दाबली जाते, त्या दाबानंच भयंकर तापते आणि डिझेलचा फवारा पडताच तो पेटतो. मात्र गार भिंती ही ऊब शोषून घेतात. झिजलेल्या रिंगांच्या फटीतून थोडी हवा निसटते. इंजिन मंद फिरलं, की या दोन्ही चोऱ्यांना जास्त वेळ मिळतो. हे सगळं एकदा मनात सावकाश फिरवून बघा.

हीटर असेल तर चावी त्यावर धरा. हळूहळू वीस मोजा. मोजताना घाई कुठे साठलीय? जबड्यात? मनगटात? तेवढा भाग सैल सोडा.

गिअर न्यूट्रल. क्लच दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळण्याचं ओझं सुटतं. सेल्फ मारा. दहा सेकंदांत लागला नाही तर थांबा, मिनिटभर श्वास पाहा. सलग सेल्फ मारत बॅटरी उतरवणं हा हिवाळ्यातला सगळ्यात महागडा उतावळेपणा.

धडधड सुरू होते. एखादा सिलिंडर चुकतो, मग तोही येऊन मिळतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. भिंती तापल्या की तो विरळ होईल. तोवर रेस वाढवू नका. ऑइलच्या काट्यावर नजर ठेवा, ठोके ऐकत राहा.

ईथरचा फवारा कुणी पुढे केला तर नको म्हणा. तापलेल्या हीटरवर तो भडकू शकतो. आणि घाई तरी कशाला? द्राक्षांवरच्या भुरी रोगाची फवारणी पानांवरचं दव सुकल्याशिवाय करायचीच नाही. दहा मिनिटं तुमच्याकडे आहेत.