सख्य आणि अपराध

नगरवासी मनुष्याच्या मनात अरण्यवासाची एक सुप्त ओढ असते आणि ती बहुधा जन्मभर अतृप्तच राहते. कॉलेज, कचेरी, बाजार आणि बँक या चौकोनात फिरणाऱ्या गृहस्थास पर्वताच्या कुशीतील लाकडी झोपडी, दाराशी वाहणारा ओढा आणि निर्भयपणे जवळ येणारे वन्य पशू यांचे चित्र कोणी दाखविले, तर आपण भलत्याच ठिकाणी जन्मास आलो असे त्यास क्षणभर वाटल्यावाचून राहत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी असेच झाले. अमेरिकेत १९७७ व १९७८ या साली दूरचित्रवाणीवर दाखविलेली ‘ग्रिझली अ‍ॅडम्स’ची मालिका मुलांनी कोठूनशी मिळविली आणि आम्हीही त्यांच्या पंक्तीस जाऊन बसलो. न केलेल्या गुन्ह्याचा आळ आल्यामुळे डोंगरात जाऊन राहिलेला एक दाढीवाला सज्जन, कड्यावर अडकलेले अस्वलाचे पिल्लू त्याने वाचविणे, त्या पिल्लाचे पुढे प्रचंड परंतु प्रेमळ अस्वल होणे, एक विक्षिप्त म्हातारा सोबती आणि त्या प्रदेशाच्या मूळ रहिवाशांपैकी नाकोमा नावाचा एक जिवलग मित्र, एवढा तो संसार. हिंसेचे तेथे नाव नाही. आम्ही रंगून गेलो, हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु आमच्या आठ वर्षांच्या पुतणीने मध्येच विचारले, “काका, पण त्या पिल्लाची आई कुठे गेली?” आम्ही काही तरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र गेला नाही. अ‍ॅडम्स नावाचा मनुष्य खरोखरच होऊन गेला, त्याचे चरित्रही उपलब्ध आहे, तेव्हा ते काढून वाचणे ओघानेच आले.

या गृहस्थाचे खरे नाव जॉन अ‍ॅडम्स. तो १८१२ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात जन्मला आणि जोडे शिवण्याचा धंदा शिकला. तरुणपणी एका खेळवाल्यांच्या मंडळीसाठी वन्य पशू धरून देण्याचे काम त्याने पत्करले होते. तेथे एका बंगाली वाघाने त्यास फाडले आणि तो पुन्हा आरी-दोऱ्याकडे वळला. १८४९ साली सोन्याच्या लोभाने जे हजारो लोक कॅलिफोर्नियात लोटले त्यांत तोही होता. बायकामुले मागेच राहिली. खाणकाम, व्यापार, गुरे पाळणे, सर्व उद्योगांत हात पोळल्यावर १८५२ च्या शरदऋतूत बैलगाडी व बंदुका घेऊन तो सिएरा नेवाडा पर्वतात शिरला. मनुष्यांना विटून तो पशूंकडे गेला असे म्हणण्याची रूढी आहे. पण पशूंकडे जाताना त्याने बरोबर घेतली ती बंदूक, हे आपण विसरू नये.

१८५६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात एका तळघरात त्याने आपल्या प्राण्यांचे प्रदर्शन मांडले. तेथे थिओडोर हिटेल या तरुण पत्रकाराची व त्याची गाठ पडली. हिटेलने पुढे बरेच दिवस त्याच्याजवळ बसून त्याची हकीकत लिहून घेतली आणि १८६० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. या पुस्तकात अ‍ॅडम्सने आपले नाव जेम्स केपन असे सांगितले आहे, म्हणजे स्वतःच्या नावाविषयीच तो सत्य बोललेला नाही. तेव्हा त्याच्या पराक्रमांतील वाघाएवढे अस्वल वस्तुतः मांजराएवढे असेल, अशी शंका कोणी घेतल्यास आमची हरकत नाही. परंतु मनुष्य थापा मारतो त्या आपल्या गौरवासाठी. पुतणीच्या प्रश्नाचे जे उत्तर या पुस्तकात मिळते ते अ‍ॅडम्सने लपविलेले नाही, नाइलाजाने सांगितलेले नाही. अभिमानाने सांगितले आहे. पिल्लाची आई अ‍ॅडम्सने मारली.

एकदा नव्हे. १८५३ साली वॉशिंग्टन प्रदेशात त्याने एका अस्वलीस मारून तिचे सुमारे वर्षाचे पिल्लू धरले आणि त्याचे नाव ‘लेडी वॉशिंग्टन’ ठेवले. ही अस्वली आईस ओळखत होती, रान ओळखत होती. ती सहजी वश होईना. तेव्हा तिला झाडाशी साखळीने बांधून दांडक्याने झोडपून नरम करण्यात आले. पुढे ती पाठीवर ओझी वाहू लागली, आणि कडाक्याच्या थंडीत तो तिच्या अंगाशी बिलगून निजू लागला. १८५४ च्या वसंतात योसेमिटी दरीच्या बाजूस दुसऱ्या एका अस्वलीस तिच्या गुहेच्या तोंडाशी मारून त्याने आतून दोन पिल्ले काढली. ती इतकी कोवळी होती की त्यांनी अद्याप डोळेही उघडले नव्हते. त्याच्या जवळच्या एका शिकारी कुत्रीस नुकतीच पिल्ले झाली होती. तिच्या दुधावर ती वाढविली गेली. यांपैकी एक म्हणजे ‘बेन फ्रँकलिन’, ज्याला पाहून आमच्या घरातील मुले टाळ्या पिटीत होती तोच.

यापुढील प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. १८५५ साली रानातून जात असता एक पिल्लांची आई असलेली अस्वली अ‍ॅडम्सवर चालून आली. त्याच्या डोक्याची कातडी सोलवटून निघाली, कवटीस खोक पडली. आता संपलेच, अशा क्षणी बेनने त्या अस्वलीवर झेप घेतली. बेन तिच्या दातांनी जबर जखमी झाला, परंतु तेवढ्या अवसरात धन्याने बंदूक सावरली व तिला ठार केले. आपल्या जखमांआधी आपण बेनच्या जखमा धुतल्या, असे अ‍ॅडम्स सांगतो, आणि आमचा त्यावर विश्वास बसतो. या दोघांमध्ये जे काही होते ते ढोंग नव्हते.

परंतु तेथे काय घडले ते जरा सावकाश पाहावे. पिल्लांसाठी लढणारी एक आई. तशाच दुसऱ्या आईला मारणारा मनुष्य. आणि त्या दुसरीचा मुलगा, जो त्या मनुष्याचा जीव वाचविण्यासाठी पहिलीशी झुंजतो. ग्रीक शोकनाट्य लिहिणाऱ्यांस याहून भयंकर कथानक सुचले नसते. मौज अशी की पात्रांपैकी कोणासही त्याचा पत्ता नाही. बेनला आपली आई माहीत नाही. अ‍ॅडम्सला माहीत आहे, पण त्यास त्यात काही भयंकर वाटत नाही.

मग या संबंधास मैत्री म्हणावे काय? अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हा प्रश्न चटकन निकालात काढला आहे. घोडा अथवा बैल यांच्याशी मैत्री संभवत नाही, असे तो म्हणतो, आणि त्याच दमात गुलामाशीही, गुलाम या नात्याने, ती संभवत नाही असे म्हणतो. मात्र मनुष्य या नात्याने संभवते, अशी पुस्ती जोडतो. आपल्याकडे द्रुपदाने द्रोणास भर दरबारात हेच ऐकविले होते की सख्य समानांतच शोभते. द्रुपदाचा उद्दामपणा सोडून द्या. पण त्याच्या म्हणण्यात एक कठोर सत्य आहे. ज्याला आपल्याला सोडून दुसरीकडे जाण्याचा मार्ग खुला आहे, त्याने आपल्याजवळ राहणे यास अर्थ असतो. बेनला दुसरीकडे कोठे जावयाचे होते? त्याचे दुसरे घर गुहेच्या तोंडाशी संपले होते, आणि ते संपविणाराच त्याला दूध मिळवून देत होता.

तरीही अ‍ॅरिस्टॉटलचा निकाल आम्हांस पुरता पटत नाही. जो प्राणी आपल्यासाठी मृत्यूच्या जबड्यात उडी घेतो, त्याच्याशी मैत्री नव्हती असे म्हणणे ही कृतघ्नता आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व त्या एकमेकींस खोडून टाकीत नाहीत. हे सांगावे लागते, कारण मनुष्याचे मन या दोहोंतील एक सत्य नेहमी गिळू पाहते. प्रेम खरे होते, म्हणून अपराध धुऊन निघाला, असे काहींस वाटते. अपराध होता, म्हणून प्रेम सर्वस्वी खोटे, असे इतरांस. पिल्लावर केलेली माया ही पिल्लावर केलेली माया. तीमुळे आईचे देणे फिटत नाही. देणे जिचे होते ती तर गुहेपाशीच पडली.

भागवतात भरतराजाची कथा आहे. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गर्भिणी हरिणी नदी ओलांडताना मेली आणि तिचे पाडस राजर्षीने आश्रमात आणून वाढविले. त्या मायेपायी पुढला जन्म त्यास हरिणाचा घ्यावा लागला, म्हणून पुराणिक त्यास दोष देतात. आम्हांस हा दोष नेहमीच जरा निष्ठुर वाटत आला आहे. भरताने हरिणी मारली नव्हती. आपल्याकडे हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांच्या अनाथ पशूंच्या संसारास जी सुरुवात झाली, तीही शिकारीत मेलेल्या माकडिणीच्या अंगाला बिलगलेल्या पिल्लापासून. ते त्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतले. मारणारा एक, वाढविणारा दुसरा. अशा ठिकाणी आपले मन स्वच्छपणे धन्य म्हणू शकते. अ‍ॅडम्सच्या ठायी हे दोघे एकाच अंगरख्यात आहेत.

अ‍ॅडम्सला दूर देशचा रानटी ठरवून मोकळे होण्याची मात्र सोय नाही. आमच्या लहानपणी गल्लीत दरवेशी येत असे. नाक टोचून ओवलेली दोरी, हातात काठी, आणि मागच्या पायांवर नाचणारे ते काळे अस्वल. भित्र्या मुलांस त्याच्या पाठीवर बसवावे म्हणजे भीती जाते, असा समज होता. आम्हांसही बसविण्यात आले, आणि त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधला गेला. ती पिल्लेही बहुधा आई मारूनच धरीत, हे आम्हांस फार पुढे कळले. त्या वेळी आमच्या पुतणीने विचारलेला प्रश्न आम्हांपैकी एकाही मुलास सुचला नाही. वडील माणसांस सुचला असेल तर ती गप्प बसली. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालीच झाला होता, तरी दरवेशी पुष्कळ वर्षे येतच होता.

मालिकेतील नाकोमाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. खऱ्या अ‍ॅडम्सला पहिल्या हिवाळ्यात झोपडी बांधण्यास तेथील मूळ रहिवाशांनीच हात दिला. १८५३ च्या प्रवासात त्याच्याबरोबर त्यांच्यापैकी दोन तरुण होते. पुस्तकात त्यांची नावे ट्युऑलमी व स्टॅनिस्लॉस अशी आहेत. ही कॅलिफोर्नियातील दोन नद्यांची नावे, आणि ती त्यांस अ‍ॅडम्सने दिलेली. आईबापांनी ठेवलेली त्यांची नावे पुस्तकात नाहीत. अस्वलास राष्ट्रपुरुषाचे नाव आणि माणसास नदीचे! १८४६ पासून १८७० पर्यंतच्या काळात रोग, उपासमार व सरळसरळ कत्तल यांमुळे कॅलिफोर्नियातील या लोकांची संख्या सुमारे दीड लाखावरून तीस हजारांच्या आसपास आली. अस्वलांचे तेवढेही उरले नाही. १९११ साली त्या राज्याने ग्रिझली अस्वल आपल्या ध्वजावर घेतले. १९२२ साली तेथील शेवटचे ज्ञात ग्रिझली मारले गेले. १९२४ नंतर ते कोणाच्या दृष्टीस पडल्याचीही नोंद नाही. आणि १९५३ साली त्यास राज्याचा अधिकृत प्राणी म्हणून मान देण्यात आला.

मालिका रचणाऱ्यांनी आई वगळली, बंदूक वगळली, दांडके वगळले. याचा आम्हांस प्रथम राग आला. नंतर वाटले, यात एक प्रकारची कबुलीही आहे. जे सांगण्यात अ‍ॅडम्सला भूषण वाटले, ते दाखविण्याची त्यांस लाज वाटली. सव्वाशे वर्षांत मनुष्याची लाज एवढी वाढली, हे थोडे नव्हे. परंतु लाज वाटल्यावर मनुष्य दोन गोष्टी करू शकतो. हिशेब उघडून बसतो, किंवा वहीचे ते पान फाडतो. येथे पान फाडले गेले, आणि मैत्रीचे तेवढे पान सोनेरी चौकटीत बसविले गेले.

अ‍ॅडम्सचा शेवट लौकरच झाला. डोक्याची ती जखम त्याच्याच एका अस्वलाच्या फटकाऱ्याने पुन्हा उघडली. १८६० साली आपले सर्व प्राणी जहाजावर घालून तो न्यूयॉर्कला बार्नम या प्रसिद्ध खेळवाल्याकडे गेला, काही आठवडे खेळ केले, आणि इतक्या वर्षांनी बायकोच्या घरी परतून त्याच साली मरण पावला. बेन त्यापूर्वीच, १८५८ च्या जानेवारीत, सॅन फ्रान्सिस्कोत मेला होता. हिटेलने त्याला व लेडी वॉशिंग्टनला प्रथम पाहिले तेव्हा ती दोघे तळघरात आखूड साखळ्यांनी बांधलेली असून वर्तुळात येरझाऱ्या घालीत होती. त्याच्या मृत्यूची बातमी तेथील वृत्तपत्राने दिली तिचा मथळा, एका सन्मान्य मूळच्या कॅलिफोर्नियावासीयाचे निधन, अशा अर्थाचा होता. मूळचे कॅलिफोर्नियावासी म्हणजे कोण, हे त्या थट्टेच्या वेळी डोंगरातून कोणी विचारावयास आले नाही.

हे सर्व आम्ही पुतणीस, तिच्या वयास झेपेल इतके, सांगितले. लपविले नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मग बेनला ते माहीत होतं का?” नव्हते, असे आम्ही म्हणालो. “आणि माहीत असतं तर?” यावर आम्हांस काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिकेचा पुढील भाग लागला, आणि ती व आम्ही आपापल्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो.