वाचवल्यानंतरचे देणे

बुडत्याला बाहेर काढणारा टाळ्या घेतो. पुढे त्याला सांभाळणाऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. वाचवलेल्या जिवाचे आपण किती दिवस देणेकरी असतो, हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या एका मुलाने घातला.

जन्मतःच त्याच्या मेंदूत पाणी साठत होते. शस्त्रक्रिया करून कातडीखालून एक नळी पोटापर्यंत नेली आणि ते पाणी वाहते केले. शाळेत घालताना आई म्हणाली होती, "गुरुजी, याचं डोकं दुखलं, ओकारी झाली किंवा हा पेंगायला लागला, तर मला लगेच बोलवा." मी मान डोलावली. दोन वर्षांनी एका दुपारी तो बाकावर डोके टेकून पडला, तेव्हा आळशी म्हणून मी त्याला उभे केले. नळी तुंबली होती! तो वाचला, पण माझ्यामुळे नव्हे.

'बरा झाला' या दोन शब्दांनी मला फसवले. मुलांच्या शरीरात बसवलेल्या अशा शंभर नळ्यांपैकी चाळीसेक पहिल्या दोन वर्षांतच निकामी होतात. उरलेल्यांवरही जन्मभर नजर ठेवावी लागते. दृष्टी, स्मरणशक्ती, अभ्यासही पाहावा लागतो.

१९६० साली न्यूयॉर्कमध्ये रोआल्ड डाल या लेखकाच्या तान्ह्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. त्याच्याही डोक्यात पाणी साठू लागले आणि बसवलेली नळी पुनःपुन्हा तुंबू लागली. तेव्हा डाल, स्टॅन्ली वेड हे अभियंते आणि केनेथ टिल हे शल्यविशारद यांनी मिळून नवी झडप घडवली. ती तयार होईतो त्या मुलाला तिची गरज उरली नव्हती. पण इतर हजारो मुलांना ती लाभली. तिघांनीही तिच्यावर नफा घेतला नाही. आपले मूल सावरले म्हणून त्या बापाचे देणे फिटले नव्हते.

कुणी म्हणेल, सतत असे जपले तर मुलाला खेळू-बागडू कधी द्यायचे? पण जपणे म्हणजे कोंडणे नव्हे. त्याने झाडावर चढावे, हुंदडावे. चार चौघांनी फक्त तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात.

यंदा तो वरच्या वर्गात गेला. पहिल्याच दिवशी मी त्याच्या नव्या गुरुजींकडे गेलो आणि आईचे ते वाक्य त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. मी ते पुन्हा एकदा सांगितले.