नागोबाचे घर

भाविकहो, श्रावण लागला की आमच्या सातारा-सांगलीकडच्या कीर्तनांत बत्तीस शिराळ्याचा विषय निघतोच. गोरक्षनाथांच्या कृपेने तेथे जिवंत नागाची पूजा सुरू झाली, अशी गावाची श्रद्धा. पंचमीआधी मंडळी बांधाबांधाने हिंडून नाग धरीत, मडक्यात ठेवीत, पूजा-मिरवणूक करीत आणि मग सोडून देत. नाग मारायचा नाही, हा गावचा दंडक. हे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा आला आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नाग धरण्यास मनाई केली. तेव्हापासून पूर्वपक्ष असा: "बुवा, आम्ही देवाला इजा थोडीच करतो?"

बाबांनो, पूजा कुणाच्या सोयीची? नागाच्या अंगची ऊब बाहेरच्या हवेवर चालते. ऊन-पावसाचा मेळ तो बिळातूनच साधतो. दूध त्याचे अन्नच नव्हे. उंदीर-बेडूक खाऊन तो तुमच्याच पिकाची राखण करतो. (हे उसाच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे!) मादी अंडी घालून ती राखत बसते, ती उचलली तर त्या अंड्यांचे काय? परक्या रानात सोडला तर आसरा कुठे, भक्ष्य कुठे, हे त्याने कुणाला पुसावे? अतिथीला घरातून ओढून आणून कोणी आतिथ्य करीत नाही.

२०२५ साली केंद्र सरकारने शिराळ्यास २१ नाग धरू दिले. तेही मिरवणुकीसाठी नव्हे, शिक्षणासाठी. माझे मन तेथेच अडखळते. शिकायला नाग मडक्यातच हवा का? खरी विद्या त्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आहे. मातीवरचा माग पाहून बीळ ओळखणे, कोणत्या बांधावर नाग कमी झाले हे सांगणे, ही पोथी अजून कुणी लिहिली नाही. ती माणसे गेली की पोथीही गेली.

याच तालुक्याच्या पश्चिमेस चांदोली. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. वाघासाठी राखलेल्या रानात गवत, हरिण, उंदीर, साप सगळेच राखले जाते. मग बांधावरच्या नागाचाच हिशेब का नसावा? शिराळ्याच्या एखाद्या पोराने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकून, आजोबांना शेजारी बसवून त्या बिळांची वही भरावी. तिची पूजा करायला मी स्वतः बुक्का घेऊन येईन.