युनियनची वेस

सोलापुरात आमच्या घरामागे यंत्रमागाची शेड होती. तिच्या खडखडाटाची इतकी सवय झालेली, की रात्री वीज गेली आणि माग थांबले की आम्हाला जाग यायची. तिथं टॉवेल विणले जात आणि त्यातले बरेचसे समुद्रापार जात. कुठं जातात ते विणणाऱ्याला ठाऊक नसे. मजुरी नगावर होती. नग मोजून दिले की त्याचा आणि टॉवेलचा संबंध संपला.

पुढं बहिणीकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला गेले, तेव्हा तिथून जवळच असलेलं कनॅपोलिस हट्टानं पाहून आले. तेही टॉवेलचं गाव. कॅनन घराण्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं गिरणी उभी केली, भोवती कामगारांची घरं बांधली आणि पुढची अनेक दशकं गाव कंपनीच्याच मालकीचं राहिलं. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती १९८४ मध्ये. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स या तेव्हाच्या मालक कंपनीनं आपले १६ कारखाने बंद केले आणि सुमारे ६,४५० माणसांचं काम एका दिवसात गेलं. त्या राज्यानं एवढी मोठी कामगारकपात तोवर पाहिली नव्हती. मी गेले तेव्हा गिरणीच्या जागी संशोधन संस्थांच्या देखण्या इमारती उभ्या होत्या. लोअर परळ पाहिलेल्या माणसाला ते दृश्य नवं नाही.

या गावात युनियन आली ती १९९९ मध्ये. त्याआधी १९७४ पासून पुनःपुन्हा मतदान झालं आणि पुनःपुन्हा युनियन हरली. ती जिंकली आणि चार वर्षांत गिरणी बंद पडली. निष्कर्ष काढायला एवढं पुरतं. ‘युनियन आली, गिरणी गेली.’ आपल्याकडे तेच वाक्य ‘संपानं गिरण्या बुडवल्या’ असं म्हटलं जातं. मी ते लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, गिरणगावातून परत आलेल्या माणसांच्या मुलांच्या तोंडूनही ऐकलं आहे. ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे, पण ते नुसतं झटकून टाकता येत नाही.

आधी हिशेब पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतरची वीसेक वर्षं हा अमेरिकी युनियनांच्या ताकदीचा काळ. खासगी क्षेत्रातला साधारण तिसरा हिस्सा कामगार तेव्हा युनियनमध्ये होता आणि त्याच काळात कारखान्यांतल्या नोकऱ्या वाढत होत्या. १९७९ मध्ये त्या सुमारे १ कोटी ९५ लाखांवर पोचल्या. खरी पडझड झाली ती २००० ते २०१० या दहा वर्षांत, १ कोटी ७३ लाखांवरून १ कोटी १५ लाखांवर. आणि २००० साली खासगी क्षेत्रात युनियनचे सभासद शंभरात नऊच उरले होते. युनियनमुळं काम पळतं म्हणावं, तर युनियन सर्वांत दुबळी असताना ते सर्वांत वेगानं का पळालं?

कनॅपोलिसच्या आसपासच्या बहुतेक कापड गिरण्यांत तर युनियन नव्हतीच. उत्तरेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल, फॉल रिव्हर इथल्या गिरण्यांचं काम दक्षिणेत उतरलं होतं ते स्वस्त आणि असंघटित मजुरीसाठी. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं राज्यांना युनियनचे हात बांधायची मुभा दिली आणि नॉर्थ कॅरोलायनानं त्याच वर्षी ती वापरली. जी स्वस्ताई पाहून काम तिथं आलं, तिच्याहून मोठी स्वस्ताई दिसताच ते पुढं निघालं.

पुढं जायचा रस्ताही तयार झालेला होता. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन यानं नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ लोखंडी पेट्या बोटीवर चढवून पाठवल्या. सुटा माल बोटीवर चढवायला तेव्हा टनामागं ५ डॉलर ८६ सेंट पडत. त्या पेट्यांना १६ सेंटही पडले नाहीत. परदेशी मजुरी स्वस्त आधीपासूनच होती, तिथला माल आणणं स्वस्त झालं ते या कंटेनरमुळं. त्यात २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि १ जानेवारी २००५ ला कापड-कपड्यांच्या आयातीवरचे जुने कोटे संपले. पिलोटेक्सच्या डोक्यावर दुसरी कंपनी विकत घेताना काढलेलं कर्ज होतं आणि समोर दर पाडून मागणारे मोठे दुकानदार. यंत्रांनीही माणसं कमी केली. युनियननं पगारवाढ सोडून दिली असती तरी यातलं काय थांबलं असतं?

मग युनियनचा दोष कुठं? माझ्या मते तो जास्त मागण्यात नाही. तो तिच्या वेशीत आहे.

मुंबईचंच घ्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागं घेतला गेलाच नाही. पण मालकांचं कापड थांबलं का? गिरण्यांचा शिक्का घेऊन ते भिवंडीत विणलं जात होतं, आणि संपाच्या आधीही काही प्रमाणात विणलं जात होतंच. भिवंडी मुंबईपासून तासा-दोन तासांवर. तिथं बारा-बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. शेडचे कागदोपत्री तुकडे करून दहापेक्षा कमी माणसं दाखवली की फॅक्टरी अ‍ॅक्टही लागत नसे. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका स्थानिक क्षेत्रातल्या एका उद्योगासाठी एकच युनियन प्रातिनिधिक ठरवली होती. संप त्या मान्यताप्राप्त संघाविरुद्धही होता. म्हणजे कायद्यानं वेस आखून दिली आणि त्या कायद्याशी लढणाऱ्यांनीही ती ओलांडली नाही. गिरणगावात शाखा होत्या, चाळी होत्या, कलापथकं होती, गावाकडून येणारं धान्य होतं. भिवंडीच्या मागावर बसलेल्या उत्तर प्रदेशच्या किंवा तेलंगणाच्या माणसापर्यंत यातलं जवळजवळ काही पोचलं नाही. अडीच लाखांचा संप मोडायला समुद्र ओलांडावा लागला नाही, खाडी ओलांडली तरी पुरलं.

आणि वेस फक्त शहराभोवती नव्हती, ती खात्याच्या दारातही होती. विणाई खात्यात कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तिथं साच्यावर उभं राहू देत नसत. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. कामगारांची एकजूट म्हणवणाऱ्या चळवळीला तो तेव्हा अडचणीचा वाटला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ज्याला साच्यावर जागा नाही, त्यानं त्या साच्यासाठी उपाशी का राहावं?

अमेरिकेत हेच वंशाच्या नावानं झालं. १९४६ मध्ये तिथल्या सीआयओ या महासंघानं दक्षिणेतल्या कामगारांची बांधणी करायला ‘ऑपरेशन डिक्सी’ ही मोठी मोहीम काढली. मुख्य लक्ष्य होत्या कापड गिरण्या. मालकांची दहशत, पोलीस, पाद्री सगळे विरोधात होतेच. पण गोऱ्यांसाठी राखलेल्या त्या गिरण्यांत वर्णभेदाचा प्रश्न उघड हाती घ्यायला चळवळही बिचकली. मोहीम फसली आणि दक्षिणेची वेस तशीच राहिली. उत्तरेतली युनियन पुढं कितीही भक्कम झाली, तरी काम निघून जायला वाट मोकळी होती.

वेळेवर जागं होणारेही होते. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियननं, हॅरी ब्रिजेसच्या नेतृत्वाखाली, १९६० मध्ये यंत्रांना विरोध करण्याऐवजी त्यांच्या फायद्यात वाटा मागितला: नोंदणीकृत कामगाराला कपात नाही, लवकर निवृत्त होणाऱ्याला पैसा. नाही म्हणून कंटेनर थांबणार नाही, हे त्यांनी ओळखलं. मात्र त्यांच्याकडे बंदराचं दार होतं. गिरणी कामगाराकडं तसं दार नाही.

त्याचं दार बहुधा दुकानात आहे. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, त्यानंतर महिन्याच्या आत जागतिक कामगार महासंघांनी युरोपातल्या मोठ्या ब्रँडांशी थेट करार केला. कारखान्याची तपासणी होणार, दुरुस्ती होणार आणि ब्रँडनं शब्द मोडला तर त्याला कायद्यानं ओढता येणार. कारखान्याच्या मालकाला ओलांडून ऑर्डर देणाऱ्याशी बोलणी झाली, म्हणून मला तो मोठा वाटतो. पगाराबद्दल त्यात काही नव्हतं, आणि तो घडायला एवढे मृत्यू लागले. पण काम जिथवर जातं तिथवर कामगाराची बोलणी जाऊ शकतात, हे त्यानं दाखवलं.

कनॅपोलिसहून परतताना बहिणीनं वाटेतल्या दुकानातून टॉवेल घेतले. मी उलटून पट्टी वाचली: भारतात बनवलेले. कुठल्या गावात, ते छापलेलं नव्हतं. सोलापूरला आल्यावर मागच्या शेडमधल्या एका विणकराला मी कनॅपोलिसची हकिगत सांगितली. मूळचं तेलंगणातलं पद्मशाली घराणं, तीन पिढ्या इथं. तो मागाजवळून न हलता ऐकत होता. तिथल्या माणसांना नगावर किती मिळायचं, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. तासावर मिळायचं, म्हटल्यावर त्यानं माग थांबवला आणि दुसरा प्रश्न विचारला: त्यांची युनियन आमच्याकडे कधी आली होती का?