बूट आणि बियाणं

आमच्या भागात एक वाक्य फार चालतं. "शेती म्हणजे तरी काय, जुगारच की!" पाऊस लांबला, भाव पडला, की कुणीतरी हे बोलतो आणि ऐकणारे मान डोलावतात. पण गोकुळाष्टमीच्या आगेमागे पत्त्यांचा फड बसला, की तेच वाक्य दुसऱ्या कामाला येतं. "वर्षभर मातीत जुगार खेळतोच, मग चार राती पत्त्यात खेळलो तर काय बिघडलं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर मला तीन पत्तीच्या नियमांतच सापडलं.

हे नियम आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी, चिंचोक्यांवर शिकवले. पैसा कधी मधे येऊ दिला नाही. "खेळ कळला पायजे, नाद लागता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. नियम सोपे. सगळ्यांनी सारखी रक्कम मधे टाकायची, ती बूट. बावन्न पानं पिसून प्रत्येकाला तीन पालथी वाटायची. न बघता खेळतो तो ब्लाइंड. बघून खेळणाऱ्यानं ब्लाइंडवाल्याच्या निदान दुप्पट चाल टाकायची. नको वाटलं तर पॅक. शेवटी दोघं उरले की शो. सगळ्यांत वरचढ तीन सारखी पानं, म्हणजे ट्रेल. त्याखाली एकाच रंगाची ओळीतली तीन, मग नुसती ओळ, मग कलर, मग जोडी. काहीच नसेल तर मोठं पान बघायचं.

पुढं कधीतरी मी हिशेब मांडला. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यातल्या १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते. ट्रेल फक्त ५२. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा हात रिकामाच. तात्या हे गणिताशिवाय सांगायचे, "पानं कुणाकडंच नसत्यात, तोंडं असत्यात." समोरच्याला भ्यायला लावायचं, हा खरा खेळ. सुप्रीम कोर्टानंही १९६७ साली रमीचा निकाल देताना म्हटलं, की रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, ती तीन पत्त्यांच्या खेळासारखी निव्वळ नशिबाची नाही.

आता शेतीकडं वळू. जोखमीपुरतं ते वाक्य खरंच आहे, उलट कमीच पडतं. पत्तेवाला वाईट पान बघून पॅक म्हणतो, त्याचा फक्त बूट जातो. पेरून बसलेल्याला पॅक म्हणता येत नाही. पावसानं दडी मारली तर दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावं लागतं. शेतकरी सदा ब्लाइंडच खेळतो, आणि खिशात काही नसताना खेळतो.

पण जोखीम आहे म्हणून तो जुगार होत नाही. पाच जण दहा-दहा चिंचोके घेऊन बसले, तर रात्र सरताना पन्नासच असतात. एकाचे वाढले तर दुसऱ्याचे तेवढेच घटले. ज्वारीचा एक दाणा मातीत पडतो आणि कणीस घेऊन वर येतो. ते कणीस कुणाच्या खिशातून आलेलं नसतं. पाऊस लहरी आहे, पण माझं तोंड बघून तो थाप मारत नाही.

कुणी म्हणेल, बाजारात तर थापच चालते. खरं आहे. माल अडतीवर गेला की ज्याच्याकडं थांबायची ताकद तो जिंकतो, अगदी मोठ्या चळतीच्या पत्तेवाल्यासारखा. पण त्याबद्दल बाजाराशी भांडावं. त्यानं पत्त्याचा फड पवित्र होत नाही.

खेळातली थाप मला खोटेपणा वाटत नाही. बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते, मान्य असते. अडचण न बसलेल्यांची आहे. आमच्या आळीत एकानं अष्टमीच्या फडात रब्बीच्या बियाण्याचे पैसे लावले. त्या पैशात बायकोच्या खुरपणीची मजुरी होती. तिला कुणी पानं वाटली नव्हती, पॅक म्हणायची सोयही नव्हती. त्या वर्षी तिनं दुसऱ्याच्या रानात हरभरा काढला. पेरणीत नुकसान झालं असतं, तरी चाड्यावर तिची मूठ असती. हरलेल्या डावात ती भागीदार असती. फडात ती नुसती बूट झाली.

म्हणून शेतीला कुणी जुगार म्हटलं, की मी विचारतो, "हरला तर कोण हरणार, आणि ते डावात बसलेत का?" तीन पत्तीच्या नियमांत या प्रश्नाला जागा नाही. घर चालवायचं तर पहिला नियम हाच लागतो.