मालक घरात असताना

निर्मळच्या पुढे कळंबच्या किनाऱ्याकडे वळले की ‘घरगुती राहण्याची सोय’ दिसू लागते. खोली दाखवताना ‘घरच्यासारखे राहा’ हे ठरलेले. पाठोपाठ नियम : दहाच्या आत परत, दारू नको, आधारकार्डाची झेरॉक्स द्या. घरच्या माणसाकडे आधारकार्ड कोण मागते?

डिपॉझिट, एजंट, अकरा महिन्यांचा करार हे नालासोपाऱ्यात राहिलेल्याला सांगायला नको. पण भाड्याने घर घेणारा दाराला स्वतःचे कुलूप लावतो. पैसे देऊन राहणारा पाहुणा, म्हणजे पेइंग गेस्ट, मालकाच्याच दारातून आत येतो.

‘विश्वासाच्या माणसाशी कागद कशाला?’ असे म्हणणारे मालक पुष्कळ. पैसे मोजून घेताना मात्र हा विश्वास आड येत नाही. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 55 भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच मागते. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. खोटे ठरवायचे तर पुरावा मालकाने द्यायचा.

पैसे घेऊन घरात माणूस ठेवण्याची ही सोय काही पर्यटनाने आणलेली नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच बायकांना घेऊन.

कागदाची बाजू घेताना एक अडचण मात्र उभी राहते. आधीच्या भाडे कायद्यातल्या 1973 च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पेइंग गेस्टला वगळले. मालक राहतो त्याच जागेचा भाग वापरणारा, ही त्याची कायद्यातली ओळख. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो. पण भाडेकरूंचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालताना पाहिलेल्या मुंबईत, उठवता न येणाऱ्या परक्याला स्वयंपाकघराशेजारची खोली कोणी दिली असती? पाहुण्याचा हक्क दुबळा आहे, म्हणूनच त्याला दार उघडते, हे नाइलाजाने मान्य करावे लागते.

मात्र कळंबला एक रात्र काढणारा आणि दोन वर्षे खोलीत राहून वसईला नोकरीला जाणारी मुलगी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. तिला घरावर हक्क नको; डिपॉझिटची पावती आणि दुसरी खोली शोधायला महिन्याची मुदत हवी. नकोसा झालेला माणूस महिनाभर घरात ठेवायचा कसा, असे मालक विचारेल. मग पंधरा दिवस ठरवा, पण ते खोली देतानाच लिहून द्या.